मादाम ऐसातूंची तीन मिनिटं

मादाम ऐसातूंचा माइक भर वाक्यात बंद पडला. बंद मशीनने केला, पण मशीनला तीन मिनिटं सांगून ठेवणारी मीच.

बहारीनमध्ये खासदारांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. माइक आणि दुभाष्यांच्या केबिनचं काम तुबलीतल्या आमच्या साउंड कंपनीकडे होतं. मी तिथे इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून गळ्यातलं कार्ड मी मुद्दाम दिसेल असं घालते.

मादाम पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या एका देशाच्या खासदार. त्या फ्रेंचमध्ये बोलायच्या, नादिया केबिनमधून त्याचं इंग्रजी करायची, आणि अरबीवाले नादियाचं इंग्रजी ऐकून अरबी करायचे. याला रिले म्हणतात. माइक गेला की सगळेच गप्प, रेकॉर्डवरही काही जात नाही. त्यामुळे मादामची शेवटची मागणी फ्रेंच न येणाऱ्यांना कळलीच नाही.

चहाच्या सुट्टीत त्या नादियाला घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, आता कंप्लेंट. त्या गुडघा धरून सावकाश बसल्या आणि मशीन कसं चालतं ते विचारू लागल्या.

बोलता बोलता कळलं, त्या मासळीबाजारात वाढलेल्या. आधी बाजारातल्या बायकांची संघटना, मग नगरपालिका, मग तीन वेळा संसद. जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद फुकट व्हावी, हा कायदा त्यांनी दोनदा मांडला, दोनदा पडला. आता पक्षाने तिकीट कापलं होतं. उद्याचं भाषण शेवटचं. इथल्या ठरावात ते एक वाक्य गेलं, तर मागून येणाऱ्याला धरायला काहीतरी राहील, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांची जन्मतारीख एक जून. त्यांच्या अर्ध्या वर्गाची तीच. नोंद नव्हती, शाळेत घालताना गुरुजींनीच ती लिहून टाकली."

नादियाने सांगितल्यावर मादाम हसल्या. "माझी एक जानेवारी."

मग मी त्यांचं रेकॉर्डिंग लावलं. अध्यक्षांनी नाव घेताच आम्ही बटण दाबतो आणि घड्याळ सुरू होतं. मादाम गुडघ्यामुळे उठेपर्यंत वीस सेकंद गेले होते. पुढे अध्यक्ष, यजमान देश, वडीलधारे, हजर बहिणी अशी सगळ्यांची आठवण काढून नमस्कार. विषयाला हात घालेपर्यंत एक मिनिट संपलेलं.

"नमस्कार गाळा," मी म्हटलं.

"तो नाही गाळता येणार. माणसांना न विचारता घरात शिरल्यासारखं होईल."

आमच्या जयंतीच्या कार्यक्रमातही विचारपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यातच पहिला वक्ता दमतो.

शेवटी तोडगा नादियाने काढला. नमस्कार हातांनी करायचा, माइक लागण्याआधी. पण त्यासाठी बटण थांबवायला हवं होतं. मी आमच्या बहारीनी मॅनेजर युसूफसाहेबांकडे गेले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एकीला सूट दिली की उद्या दहा मंत्री दारात, म्हणाले.

"सर, सूट नको. सगळ्यांनाच, वक्ता तयार झाला की बटण."

त्यांनी कार्यक्रमाचं वेळापत्रक पुन्हा पाहिलं, आयोजकांना फोन लावला. मग म्हणाले, "सबको दोगी तो दो. एक को नहीं. खलास."

दुसऱ्या दिवशी मादाम उठल्या. छातीवर दोन्ही हात ठेवून चारही बाजूंना वाकल्या, सावकाश, एकही बाजू न सोडता. माझं बोट बटणावर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा दाबलं.

मागणी पूर्ण झाली तेव्हा घड्याळात आठ सेकंद उरले होते. त्या तशाच उभ्या राहिल्या. आधी फ्रेंचवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मग इंग्रजीवाल्यांनी, मग अरबीवाल्यांनी. रिलेला तेवढा वेळ लागतोच.

ते वाक्य ठरावात गेलं. काही महिन्यांनी नादियाचा मेसेज आला की मादामच्या देशात तो कायदा पुन्हा मांडलाय, एका नव्या बाईने. पास झाला का, माहीत नाही.

मेसेज आला त्या संध्याकाळी नईम भागातल्या माझ्या खोलीवरून मी वडिलांना फोन करून विचारलं, "तुम्ही खरे कधी जन्मलात, आबा?"

"आई म्हणायची, ज्वारी काढायला आलेली. का गं?"

म्हणजे जून नक्कीच नाही.

आमच्या चेकलिस्टमध्ये आता एक ओळ वाढली आहे: आधी माणूस उभा राहू द्या, मग घड्याळ लावा.