जिराफाचा कान आणि अठरा शर्टांची खोली

शिंपीकाम करणाऱ्या माणसाच्या ओठांत टाचण्या असतात, म्हणून तो कमी बोलतो, असा लोकांचा समज आहे. मास्तरांनी तो समज एकट्याच्या बळावर खोटा पाडला होता. टाचण्या ओठांत धरूनच ते विचारत, "कापड कुठून घेतलं? मीटरमागे काय पडलं? आणि त्या दुकानदाराची दाढ दुखत होती, ती उपटली का?" गिऱ्हाईक हात पसरून उभं, बिचारं पळणार कुठे! एकदा रस्त्यात एका कुत्र्याच्या अंगात लोकरी कोट दिसला, तर मास्तर कुत्र्याच्या मालकामागे तीन गल्ल्या गेले. कशासाठी? तर पुढच्या पायांची बाही कशी बसवलीय ते बघायला. कुत्रं गुरगुरलं. मास्तर त्याला म्हणाले, "चावू नकोस रे, नुसती शिलाई बघतोय."

दुसरी खोड किमतीची. पैशांचा आकडा त्यांच्या डोक्यात शिरत नसे. त्याचे शर्ट केले की लगेच शिरे. डॉक्टरची फी म्हणजे दोन शर्टांची शिलाई. छपराचे पत्रे बदलायला शंभर शर्ट. नातीची सायकल तीस शर्ट आणि वर एक लेंगा.

या नातीचं घरातलं नाव इंचू. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं. मुलगी आणि जावई दोघंही पाळीच्या नोकरीत, त्यामुळे इंचू आजी-आजोबांकडेच वाढत होती. आता वाढत होती म्हणायचं, पण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. आदल्या वर्षी शाळेची सहल थीम पार्कला गेली. तिथं उडती गाडी म्हणून एक प्रकार आहे. उंच चढते, वर क्षणभर थांबते आणि मग कडेलोट केल्यासारखी खाली येते. तिच्या दाराशी लाकडी जिराफ उभा. ज्याचं डोकं जिराफाच्या कानाला लागेल, त्यालाच आत सोडणार. इंचूच्या वर्गातली सगळी पोरं लागली. इंचू नाही लागली. मग बाकावर बसून तिनं सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या. घरी आल्यावर ती रडली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून दाराच्या वरच्या दांडीला लोंबकळायला लागली.

"काय चाललंय गं हे?" आजीनं विचारलं.

"लांब होतेय."

तेव्हा मास्तरांनी शब्द दिला, की पुढच्या वर्षी मी नेतो तुला, दोघं मिळून बसू उडत्या गाडीत. शब्द देऊन झाला आणि मग लक्षात आलं, की पार्क सहा तासांवर. जायचं म्हणजे रात्रीचा मुक्काम आला.

झालं, मास्तरांना विषय मिळाला! शेजारच्या पंक्चरवाल्याचा फोन घेऊन त्यांनी पार्कातल्या रिसॉर्टला फोन लावला.

"एका रात्रीचं काय घेता, बाई?"

"कुठल्या तारखेचं सांगू, सर?"

"तारखेचं काय करायचंय? खोली तीच ना?"

खोली तीच, पण भाव रोज वेगळा. शनिवारी चढा, मंगळवारी उतरता. सुटीत चाळीस शर्ट, शाळा सुरू झाल्या की एकदम कमी. मास्तर चकित झाले. त्यांनी फोनवरच विचारलं, "म्हणजे मी सोमवारी शिवलेला शर्ट रविवारी महाग विकू?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तीन रात्री राहिलात तर एक रात्र फुकट आहे." मास्तरांनी फोन ठेवला आणि पंक्चरवाल्याला म्हणाले, "पाठ एकच आहे रे माझी. तीन शर्ट घेऊन घालू कुठे?"

"मास्तर, फोनचं बिल किती शर्ट झालं तेवढं बघा," पंक्चरवाला म्हणाला.

पण फोनवर ऐकून थांबतील तर ते मास्तर कसले! कापड बोटांत धरल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. एका रविवारी गळ्यात टेप अडकवून ते एकटेच बसनं पार्क बघायला गेले. पार्क नव्हे, मुक्कामाच्या जागा बघायला.

हमरस्त्यावरचा लॉज पाहिला. नऊ शर्ट. मालकानं सांगितलं, "पार्क अगदी समोर आहे." समोर होतं खरं, पण मध्ये चार पदरी रस्ता आणि पलीकडे जायला वळसा एवढा, की रिक्षाचेच दोन शर्ट झाले असते. मागच्या गल्लीत लाँड्रीवाल्या बाई राहत. रिसॉर्टच्या चादरी, अभ्रे त्यांच्याकडे धुवायला येत. गच्चीवर एक खोली त्या भाड्यानं देत. सहा शर्ट, चहा त्यांच्याकडून. मास्तरांनी खाटेला टेप लावला. मग आपल्या अंगाला लावला. मग पुन्हा खाटेला.

"खाटेला कोट शिवताय का काय?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. खाट तोकडी आहे, चार बोटं."

"तोकडी खाट नाही, तुम्ही लांब आहात. माझ्याकडे कितीजण झोपून गेले. पाय कुणी विसरून गेलं नाही."

शेवटी रिसॉर्ट. आत सोडेनात, म्हणून मास्तरांनी काउंटरवरच ठाण मांडलं. टायवाल्या कारकुनाला विचारून विचारून जेरीस आणलं. न्याहारी धरून का? टॉवेल किती? दाराला किल्लीऐवजी कार्ड असतं म्हणतात, ते हरवलं तर? पाणी कोणत्या मजल्यापर्यंत गरम येतं? त्यातून एक गोष्ट कळली आणि मास्तरांचे डोळे चमकले. शाळा सुरू झाल्यानंतर दोन मोठी माणसं आली, तर बरोबरच्या लहान मुलाचं राहणं, खाणं आणि पार्काचं तिकीट सगळं फुकट. तिकिटं-जेवण धरून तिघांचे मिळून अठरा शर्ट. आणि लहान कुणाला म्हणायचं? कारकुनानं बोट दाखवलं. काउंटरशेजारीही एक जिराफ उभा होता. कानाच्या खाली ते लहान, कानाच्या वर ते मोठं.

परतीच्या बसमध्ये मास्तरांनी आजीलाही धरून हिशेब मांडला; तोकडी खाट त्यांनी त्यात घेतलीच नाही. लॉजवर राहून तीन तिकिटं, तीन जेवणं आणि रिक्षा धरली, तर सोळा शर्ट होत होते. रिसॉर्ट अठरा. म्हणजे फरक दोनच शर्टांचा! आणि दोन शर्टांत ती कार्डाची किल्ली, ती जाडजूड गादी, ती पांढरी चादर! ती चादर कसल्या सुताची असेल, यावर मास्तर निम्मा रस्ता विचार करत होते.

घरी येऊन त्यांनी इंचूला दाराच्या चौकटीशी उभं केलं. जिराफाचं माप ते टेपनं घेऊन आलेच होते. इंचू कानाच्या दोन बोटं खाली भरली.

"वा!" मास्तर म्हणाले.

"वा काय?" इंचूचा चेहरा पडला.

तिथून पुढचे तीन महिने त्या घरात मोठी मजा चालली होती. इंचू दांडीला लोंबकळे आणि मास्तर मशीनवरून ओरडत, "पुरे गं, खांदे निखळतील!" इंचू दुधाचा दुसरा पेला मागे आणि मास्तर म्हणत, "रात्रीचं इतकं दूध बरं नव्हे."

"पोरगी वाढतेय म्हणून हळहळणारा आजोबा पहिल्यांदाच बघतेय मी," आजी म्हणाली. ती समोर बसून काजं करत होती. "दोन्ही डगरींवर हात ठेवायचे. उडत्या गाडीत बसवायचं तर मोठी हवी, आणि फुकट झोपवायचं तर लहान हवी. अहो, ती पोरगी आहे, पडद्याची दोरी नव्हे."

"अगं, वाढत्या अंगाच्या कपड्यात आपण आत दुमडून दाब ठेवतोच की नाही? हवा तेव्हा उसवायचा. तसंच."

जायच्या दिवशी पहाटे मास्तरांनी पुन्हा माप घेतलं. इंचू कानाला लागली होती, वर दोऱ्याएवढी जास्तच. मास्तरांनी टेप गळ्यात अडकवला. बसमध्ये त्यांनी नातीला हळूच समजावलं. काउंटरवरच्या जिराफापाशी सैल उभं राहायचं. गाडीच्या जिराफापाशी ताठ. आता, 'सैल उभे राहा' हे वाक्य मास्तर दिवसातून वीसदा म्हणत, कारण टेप बघितला की माणसं उगाच छाती फुगवतात. पण इंचूनं त्यांच्याकडे बघून विचारलं, "आजोबा, मग मी खरी केवढी?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघून कुणाचंसं शेत किती छान नांगरलंय ते सांगितलं.

काउंटरवर सगळं सुरळीत झालं. इंचू सैल उभी राहिली, कान वर राहिला. कारकुनानं तिच्या मनगटाला पिवळा पट्टा अडकवला. खोली दुपारी मिळणार होती, म्हणून पिशव्या घेऊनच तिघं थेट उडत्या गाडीकडे निघाली. इंचू पुढे पळत होती. गाडीच्या दाराशी शिट्टीवाल्या बाई उभ्या. इंचू जिराफाला पाठ लावून अशी ताठ उभी राहिली, की मानेची शीर दिसावी. डोकं कानाच्या वर.

"उंची आहे," बाई म्हणाल्या. "पण पट्टा पिवळा आहे ना."

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"रिसॉर्टच्या पाहुण्यांना दर ठिकाणी मोजून घ्यायचा त्रास नको म्हणून पट्टे आहेत. पिवळा म्हणजे लहान. लहानांना इथं सोडत नाही."

टॉवेल विचारले होते, गरम पाणी विचारलं होतं. पट्ट्याचं तेवढं विचारायचं राहिलं होतं. मास्तरांनी बाईंना जिराफ दाखवला, टेप दाखवला, कपाळावरचा घाम दाखवला. बाई म्हणाल्या, "मी पट्टा बघते, काका. माझी नोकरी आहे."

मास्तर मागे वळले. इंचू बाकावर जाऊन बसली होती. आजीच्या हातातली पिशवी तिनं घेतली होती, आजोबांचीही घेतली होती आणि दोन्ही मांडीवर धरून ती समोर बघत होती. रडत नव्हती. तिला हे काम येत होतं.

आजी तिच्याशेजारी जाऊन बसली. तिनं टोमणा मारला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

ते तडक काउंटरवर गेले. "साहेब, नातीचं माप पुन्हा घ्या."

कारकुनानं घड्याळ पाहिलं. "अर्ध्या तासात वाढली?"

"तुमची हवा चांगली आहे."

कारकून हसला, पण खऱ्या उत्तराची वाट बघत राहिला. मग मास्तर म्हणाले, "ती सैल उभी होती. मीच सांगितलं होतं. ती पहाटेपासून मोठी आहे."

कारकुनानं संगणकावर बोटं चालवली. मोठी धरली की तिसरा पलंग, तिसरं जेवण, तिकीट, आणि सवलत तर गेलीच. मास्तरांनी मनातल्या मनात शर्ट मांडले. तीसच्या पुढे गेले, तशी त्यांनी मोजणी सोडली. तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला. इंचूला घेऊन ती कधी आली ते कळलंच नव्हतं.

"अहो, ती चार बोटं तोकडी खाट अजून मिळेल का?"

"तुला चालेल?"

"मला काय, माझे पाय खाटेत मावतात."

"आज खोली घेतली नाही, तर काही कापता का?" मास्तरांनी विचारलं.

"चादरीची घडी मोडलेली नाही अजून," कारकून म्हणाला. "पार्काची तीन मोठी तिकिटं तेवढी घ्या."

मग त्यानं पिवळा पट्टा कापला. "ये गं. पुन्हा उभी राहा."

इंचूनं आजोबांकडे पाहिलं. "सैल की ताठ?"

"आहेस तशी," मास्तर म्हणाले.

तिला निळा पट्टा मिळाला.

उडत्या गाडीत दोघं शेजारी बसली. आजी खाली बाकावर पिशव्या घेऊन बसली. ती म्हणाली, या वयात पोटातलं पोटात राहिलेलं बरं. गाडी वर चढली, थांबली आणि सुटली. इंचू एवढ्यानं ओरडली, की आजीनं खालून आवाज ओळखला. उतरल्यावर इंचूनं आजीला सांगितलं, "आजोबांनी डोळेच मिटले होते!"

"मुळीच नाही," मास्तर म्हणाले. त्यांचे केस उभे राहिले होते. "मान खाली घालून गाडीतल्या कमरेच्या पट्ट्याची शिलाई बघत होतो. तिहेरी टीप आहे. कोपऱ्यात चौकट घालून आत फुली मारलीय. चोख काम. चला, पुन्हा बघून येऊ, धागा कुठला आहे ते राहिलं."

त्या दिवशी धागा चारदा बघून झाला.

संध्याकाळी लाँड्रीवाल्या बाईंच्या गच्चीवर रिसॉर्टच्या चादरी वाळत होत्या, ओळीनं, पांढऱ्याशुभ्र. मास्तर थबकले. आजूबाजूला बघून त्यांनी एका चादरीचा काठ अंगठा आणि बोटात धरून चोळला. मग उजेडाकडे धरून पाहिला.

"काय, कळलं का?" बाईंनी मागून विचारलं.

"निम्मं सूत आहे. निम्मं आपलं... चकाकी." मास्तर खुशीत आले होते. "बाई, यावर झोपणाऱ्यांना झोप तरी बरी लागते का हो?"

"मला काय ठाऊक! मी धुते. पण सकाळी येतात तेव्हा चुरगळलेल्या असतात, एवढं खरं."

रात्री आजी भिंतीकडे तोंड करून झोपली. मास्तर आपल्या खाटेवर आडवे झाले आणि पाय बाहेर आले. इंचूनं त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला, पायथ्याशी गुडघे टेकून बसली आणि खाटेच्या कडेपासून त्यांच्या अंगठ्यापर्यंत नीट माप घेतलं.

"चार बोटं बाहेर आहात, आजोबा," ती म्हणाली. "सैल झोपा."