हॅगर्टीबाईंच्या शेतातली वाट

आमच्या रेनॉल्ड डेगलला कुणी विचारलं की बाबा रे, जन्मभर काय केलंस, तर तो म्हणेल, "लोकांच्या दारात उभा राहिलो." आणि ते खोटं नाही. कागदाच्या गिरणीत त्याने तीस वर्षं काढली, पण त्याबद्दल त्याला दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत. आमच्या स्नोमोबाइल क्लबची, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या गाड्यांची, वाट मात्र तो मालकांची नावं घेत घेत सांगतो. सव्वीस मैल वाट आणि एकोणीस मालक. त्यातली एक फूटही जमीन क्लबची नाही. कुणाचं बटाट्याचं शेत, कुणाचं रान, कुणाच्या गोठ्यामागची पट्टी. मालक हो म्हणाला तर वाट, नाही म्हणाला तर घरी बसा.

म्हणून दर ऑक्टोबरात रेनॉल्ड प्रत्येकाकडे स्वतः जातो. मालकाबरोबर शेतातून चालतो, नारिंगी टोकाच्या काठ्या कुठून कुठे रोवायच्या ते त्याच्याच तोंडून ऐकतो, मग कॉफी पिऊन उठतो. मी एकदा म्हटलं, "अरे, छापील पत्रं पाठव की सगळ्यांना. एका दुपारचं काम."

"जिनेट," तो म्हणाला, "उद्या मी रोज तुझ्या स्वयंपाकघरातून ये-जा करायला लागलो, तर तुला पत्र पुरेल?"

मी त्याला लाटणं दाखवलं. तो हसला आणि विषय संपला.

मागच्या वर्षी मात्र ऐन ऑक्टोबरात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग त्याने पहिल्यांदाच सगळ्यांना फोन केले. सगळे हो म्हणाले, ज्यांच्या शेतातून वाट गावात शिरते त्या हॅगर्टीबाईही म्हणाल्या. नोव्हेंबरअखेर दीड हात बर्फ पडला, तेव्हा हा लंगडत लंगडत बाहेर पडला आणि सवयीने सगळ्या काठ्या रोवून आला.

जानेवारीत चार दिवस ऊन पडलं, बर्फ बसला, आणि माझ्या खानावळीत हॅगर्टीबाईंचा फोन आला. क्लबचा फोन म्हणजे माझाच फोन. बाईंचं वय एकोणऐंशी. आवाज एवढासा, पण ऐकणारा सरळ उभा राहतो.

"माझ्या खालच्या कोपऱ्यातल्या फरच्या रोपांचे शेंडे तोडलेत. खिडकीतून दिसतायत मला. तुमचे लोक वाट सोडून घुसलेत. शनिवारपर्यंत कुणी केलं ते सांगा, नाहीतर वाट बंद."

ही रोपं नाताळच्या झाडांची. शेंडा गेला की झाडाची किंमत गेली. आणि बाईंचं शेत बंद म्हणजे आमचं गाव मोठ्या वाटेपासून तुटलं. हिवाळ्यात माझ्याकडे जेवायला येतात ते सगळे त्याच शेतातून येतात. माझं डोकंच फिरलं. दारावर पाटी लावली, 'वाट सोडणाऱ्यांना इथे सूप मिळणार नाही.' बोस्टनकडून आलेले चौघे जण बीन्स खात बसले होते, त्यांना मी असं काही सुनावलं की बिचारे पोळलेल्या तोंडाने उठून गेले. त्यांनी काही केलं होतं का, हे मी विचारलंसुद्धा नाही.

रेनॉल्ड बूट चढवत होता. "आधी बघून येऊ," एवढंच म्हणाला. त्याचा गुडघा पुन्हा सुजला होता, म्हणून मी गाडीतून नेलं. कोपऱ्यात पोचलो आणि तो काठ्यांच्या मधोमध उभा राहिला. मोडलेली रोपं डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती. त्याच्या बुटांपाशी होती. कुणीही वाट सोडली नव्हती. बाईंनी मे महिन्यात त्या कोपऱ्यात नवी लागवड केली होती, फोनवर तो विषय निघाला नाही, रोपं बर्फाखाली गेली, आणि ह्याने बर्फावरून जुन्याच रेषेत काठ्या रोवून वाट दाबण्याचं यंत्र स्वतःच्या हाताने वरून फिरवलं होतं. एरवी बरोबर चालला असता तर बाईंनी पहिल्या दहा पावलांत दाखवलं असतं.

त्याने वाकून रोपं मोजली. एकतीस निघाली.

"कुणाला कळणार नाही," मी म्हटलं. हो, म्हटलं मी, लाज वाटते सांगायला. "बाईंना बर्फातून इथवर चालत येणं होत नाही. काठ्या हलवून टाक. बाहेरची पोरं होती म्हणू, कोण शोधणार आहे?"

"मग बाई त्या पोरांवर जन्मभर चिडून राहतील," तो म्हणाला, आणि सरळ त्यांच्या घराकडे चालू लागला. एवढा लंगडत होता की मला त्याला हात द्यावा लागला.

बाईंनी दार उघडलं. याने टोपी काढली. बसा म्हणायच्या आधीच बोलून मोकळा झाला. "बाई, तुमची रोपं मीच मोडली. काठ्या चुकीच्या जागी मीच रोवल्या. बाकीचे बिचारे माझ्या काठ्यांमधूनच गेले. वाट बंद करायची तर करा, आज संध्याकाळी मी स्वतः आडवी बल्ली घालतो."

बाईंनी आधी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"चालायला आला असतास तर?" त्या म्हणाल्या.

"तर झालं नसतं."

"शहाणा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फोन केलास, तेव्हाच मला वाटलं होतं याचं काहीतरी बिनसलंय." त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि पुढ्यात बकव्हीटच्या पिठाचे गरम घावन आणि लोणी ठेवलं. राग गेलेला नव्हता, पण घावन जाड घातले होते. "मोडलेलं रोप मरत नाही, माहितीये? शेंड्याजवळची एक फांदी उभी काठीला बांधायची. तीच पुढे शेंडा होते. मात्र दर मे महिन्यात सोडून पुन्हा बांधावी लागते, तीन वर्षं. मला आता वाकवत नाही."

"मी बांधतो," रेनॉल्ड म्हणाला. "एकतीसच्या एकतीस."

"त्या गुडघ्याने?"

"बसून बांधीन. सरकत सरकत."

बाईंनी त्याच्या ताटलीत आणखी एक घावन टाकला. "मग काठ्या दगडी बांधाच्या कडेने घे, आजच. आणि तीन वर्षं तू माझ्या झाडांपाशी बसणार असशील, तर तीन हिवाळे मी वाट कशी बंद करू?"

रेनॉल्डने मान खाली घातली आणि खात राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी म्हटलं, "अरे, निदान थँक्यू तरी म्हण बाईंना."

"खाऊ दे गं त्याला," बाई म्हणाल्या. "बांधाच्या कडेने काठ्या रोवायच्यात अजून."