पांढऱ्या फडक्यावरची धूळ

खोकंदच्या जुन्या मोहल्ल्यांतून मुहय्यो ती मशीन घेऊन निघाली की लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाई गॅसचा सिलिंडर घेऊन चाललीय. मशीन होती धूळ ओढायची. चाकं होती तिला, पण खोकंदच्या गल्ल्यांतले खड्डे काही त्या चाकांना मानवायचे नाहीत. मग अर्धी वाट मशीन खाली आणि अर्धी वाट मुहय्योच्या कडेवर. एक्केचाळीस वर्षांची बाई, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि कडेवर हे धूड. गल्लीतल्या बाया तिला ओपा, म्हणजे ताई म्हणायच्या. दारातून विचारायच्या, "मुहय्यो ओपा, बाळ बोलायला लागलं का गं?"

"लागलं की," ती म्हणायची. "तुमच्या पलंगाखाली काय आहे ते विचारतंय."

बाया हसायच्या, चहाला बसवायच्या, मशीन बघायच्या. आणि शेवटी सगळीकडे एकच वाक्य ऐकू यायचं. "घरी विचारून कळवतो हं." त्या महिन्यात मुहय्योनं ते वाक्य चाळीस दारांत ऐकलं होतं. नवरोज, वसंतातला नव्या वर्षाचा सण, आठ दिवसांवर आलेला, घराघरांतून गाद्या-गोधड्या उन्हात पडलेल्या, गालिचे भिंतींवर टाकून झोडपणं चाललेलं. धुळीची मशीन विकायला याहून चांगला हंगाम नाही. आणि तिच्या हातून एक मशीन खपली नव्हती.

कंपनीचा इथला साहेब इल्होम, सव्वीस वर्षांचा, टोकदार बुटांचा. त्यानं सोमवारी सांगून टाकलं, "शनिवार संध्याकाळपर्यंत एक तरी, ओपा. नाहीतर मशीन आणि ओळखपत्र या टेबलावर."

नोकरी जाईल एवढंच असतं तर मुहय्योनं आणखी कुठं तरी भांडी घासली असती. पण ती राहत होती थोरल्या भावाकडे, कोबिल आकाकडे. नवरा रशियात गेला आणि तिथलाच झाला. चौदा वर्षं राबवून सासूनं तिला मुलीसकट परत पाठवलं, त्याला आता पाच वर्षं होत आली. मुलगी दिलराबो अठराची झाली. तिला दवाखान्यात नर्स व्हायचं होतं, कॉलेजचा फॉर्म उशीखाली घेऊन झोपायची. आणि मामानं तिचं स्थळ ठरवलं होतं. रविवारी मुलाकडचे नान घेऊन येणार. दोन्हीकडच्यांनी मिळून तो नान मोडला की शब्द पक्का, मग मागे फिरणं नाही.

शिंप्याच्या दुकानामागं एक खोली होती. मालकीणबाई म्हणाली होती, शनिवारी पहिलं भाडं दे आणि किल्ली घे. एक मशीन खपली की तेवढं कमिशन सुटत होतं. स्वतःची खोली असली की पोरीच्या आईला 'नाही' म्हणता येतं. भावाच्या सतरंजीवर बसून, भावाचं खाऊन, त्याच्या तोंडावर म्हणता येत नाही. एवढं सगळं त्या एका मशीनवर लटकलेलं.

"तुमचं चुकतं कुठं सांगू?" इल्होम म्हणाला होता. "तुम्ही धूळ विकता. धूळ कोण विकत घेईल? लाज विका, ओपा! त्यांच्याच गालिच्यातली धूळ काढायची, त्यांच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या फडक्यावर ओतायची, आणि तोंड मिटून बसायचं. मनात दहा मोजायचे. आणि बघायचं कुणाकडं? सुनेकडं. पुढचं काम सासू करते."

गुरुवारी मुहय्यो हा धडा घोकत सोबिरा खालाच्या घरी गेली; थोरल्या बाईला इथं खाला म्हणतात. भरलं घर. ओट्यावर सोबिरा खाला लोडाला टेकून बसलेली, शेजारच्या दोघी शेजारी, आणि चहा ओतायला उभी सून. नफोसत नाव. लग्नाला पाच महिने झालेले, जरीचा रुमाल अजून डोक्यावर नवाकोरा. पोरीनं कमरेत वाकून सलाम केला. अंगण असं झाडलेलं की मातीवर झाडूच्या रेघा कंगव्यानं ओढल्यासारख्या. उजाडायच्या आत उठली असणार. मुहय्योला हे सगळं दिसत होतं. चौदा वर्षं तिनं तसंच अंगण झाडलं होतं. दिसत होतं तरी तिनं मशीन लावली.

घरघर झाली, गालिच्यावरून तोंड फिरलं. मग तिनं पिशवी उघडून पांढऱ्या फडक्यावर झटकली. राखाडी, मऊ, पीठ सांडल्यासारखा ढीग पडला. मुहय्योनं मान वर केली, सुनेकडं बघितलं आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन.

सातावर सोबिरा खाला बोलली. "हे माझ्या घरातलं?"

"अगं बाई," शेजारीण म्हणाली. "आजकालच्या पोरी वरवर झाडू फिरवतात. आपल्या सासवांनी आपल्याला उभं जाळलं असतं."

"पाच महिने!" सोबिरा खाला म्हणाली. "पाच महिने ह्या घाणीत बसून मी नमाज पढतेय! नफोसत, हे बघ. जवळ ये, असं लांबून नाही. हे तुझं काम!"

पोरीच्या हातात चहाची किटली होती. कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

"खाला, तसं नाही," मुहय्यो घाईघाईनं म्हणाली. "झाडूनं हे निघतच नाही, कुणाच्याही हातानं. म्हणून तर ही मशीन..."

"मशीन कशाला? हिला दोन हात दिलेत ना देवानं? नफोसत, आण झाडू."

मग चौघींच्या समोर त्या पोरीनं गुडघ्यांवर बसून तोच गालिचा पुन्हा झाडला. तिचं झाल्यावर सोबिरा खालानं स्वतःच्या हातानं किटली घेतली आणि मुहय्योचा प्याला भरला. काठोकाठ. पाहुण्याला अर्धा प्याला देतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ म्हणजे पी आणि ऊठ. मुहय्योनं जीभ भाजून घेतली, पण संपवला.

दारात सुनेनं रीतीप्रमाणं तिच्या चपला बाहेरच्या बाजूला वळवून ठेवल्या होत्या. मुहय्यो पाय घालायला वाकली तशी ती हळूच म्हणाली, "ओपा, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

मुहय्योनं चपला घातल्या. मशीन कडेवर घेऊन ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि दुसऱ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

घरी दिलराबो मामीच्या कुंडीतल्या डाळिंबाची पानं पुसत होती, एकेक पान. ओल्या फडक्यानं पानं पुसायचं काम वहिनीनंच काढलं होतं, पोरीला सवय लागावी म्हणून. मुहय्योनं झालेलं सांगितलं. दिलराबोनं पान पुसणं थांबवलं नाही.

"आजी खिडकीवर बोट फिरवायची आणि ते तुझ्या गालाला पुसायची," ती म्हणाली. "आठवतं? मी दाराआडून बघायचे. आज तू ते फडक्यावर केलंस."

"नोकरी आहे गं ती."

"आजीलाही काम वाटायचं ते."

मुहय्यो उठली आणि गाद्यांच्या थप्पीखालून तिनं आपला गालिचा ओढून काढला. रुखवताचा, डाळिंबी रंगाचा, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. सासरहून परत येताना दोनच गोष्टी बरोबर आल्या होत्या, एक ही पोर आणि दुसरा तो. पाच वर्षांत तो उलगडलाच नव्हता. उलगडायला जागा कुणाची होती?

शुक्रवारी हमरो खालाच्या घरी बायांची चहाची पाळी होती. सात-आठ जणी दर महिन्याला एकीकडे जमतात, खातात, जगाची उणीदुणी काढतात. मुहय्यो एका हातात मशीन, खांद्यावर गुंडाळलेला गालिचा घेऊन आत शिरली.

"आली बाळंतीण," हमरो खाला म्हणाली. "आणि हे काय, घरजावई व्हायला आलीस की काय गादी घेऊन?"

"खाला, तुमच्या गालिच्याला मी हात लावणार नाही," मुहय्यो म्हणाली. "माझीच घाण दाखवते. हसायचं असेल तर पोटभर हसा."

तिनं आपला गालिचा मधोमध पसरला आणि मशीन लावली. पांढऱ्या फडक्यावर ओतलं तेव्हा ढीग सोबिरा खालाच्या घरच्यापेक्षा दुप्पट निघाला. बाया "आई गं!" करून मागे सरकल्या आणि लगेच पुढे झुकल्या. ढिगात वाळू होती, केस होते, एक निळा मणी होता. दिलराबोच्या मनगटात दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या पोतीतला.

"चौदा वर्षांची धूळ," मुहय्यो म्हणाली. "रोज झाडत होते हां मी. रोज दोनदा. सासू खिडकीवर बोट फिरवायची आणि माझ्या गालाला पुसायची. मी म्हणायचे, धूळ नाही म्हणून तर दिसत नाहीय. आज बघा, होती की! बिचारी खरं बोलत होती."

एवढं म्हणायची खोटी, सगळ्या फुटल्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं हसता हसता.

"माझी तांदळाचे दाणे मोजायची गं!"

"माझी तर चहाची पानं वाळवून परत द्यायची. मेली तेव्हाही हातात किटली होती."

मग कुणी सुनेचं सांगितलं, कुणी आपण सासू झाल्यावर तेच करतो हे कबूल करून जीभ चावली. कोणी मशीन स्वतः हातात घेतली. "जड आहे गं." "पण ओढते बघ कशी." त्यांनी हमरो खालाचा गालिचा आपणहून ओढून बघितला, निघालेल्या धुळीवर कुणी कुणाकडं बोट दाखवलं नाही. मुहय्योला महिनाभरात पहिल्यांदा वाटलं की आपण दुकानदार नाही, आपण यांच्यातलीच एक आहोत.

"घेते मी," हमरो खाला म्हणाली. "सुनेच्या कमरेचं बघायला नको? थांब, ओरिफला विचारते, पैसे त्याचेच."

मुहय्योनं मांडीवर मूठ आवळली. शिंप्याच्या दुकानामागची खोली, खिडकीला निळा रंग, तिथं दिलराबोचं टेबल, हे सगळं त्या मुठीत होतं.

मुलगा मॉस्कोत होता. फोनच्या पडद्यावर त्याचं झोपमोड झालेलं तोंड आलं. आईनं मशीन दाखवली.

"आई, हीच घेऊन मी इथं ऑफिसातल्या चटया ओढतो," तो म्हणाला. "दिवसाला बारा तास. निम्म्या किमतीला मिळते इथं. नको घेऊ. येताना आणीन मी."

"केव्हा येतोस?"

तो पडद्याबाहेर कुठंतरी बघायला लागला.

"ओरिफ, केव्हा येतोस रे?"

"बघू, आई."

हमरो खालानं फोन पालथा घातला. सगळ्या जणी एकदम प्याल्यात बघायला लागल्या. आता मशीनचा विषय काढणं म्हणजे जखमेत बोट घालणं होतं, आणि मुहय्योनं तो काढला नाही. काढला असता, थोडं रेटलं असतं, तर कदाचित. पण तिनं खालाचा हात हातात घेतला आणि तशीच बसली. निघताना त्यांनी तिच्या पिशवीत गरमागरम हिरव्या भाजीचे सामसे कोंबले, गालिचा दोघींनी मिळून गुंडाळून दिला, आणि दारापर्यंत आल्या.

शनिवारी तिनं मशीन इल्होमच्या टेबलावर ठेवली.

"एकही घर नाही?"

"एक चांगलं झालं," ती म्हणाली.

"खपली?"

"नाही."

"मग चांगलं कसलं, ओपा?" तो वाईट माणूस नव्हता. तोही वरच्या कुणाचं तरी ऐकत होता. पांढरं फडकं मात्र मुहय्योचं स्वतःचं होतं, तेवढं तिनं पिशवीत ठेवलं. खोलीच्या मालकीणबाईकडं ती मुदत मागायला गेली, तर दाराशी दुसऱ्याच कुणाचे बूट होते.

रविवारी मुलाची आई, मस्तुरा खाला, दोघी नात्यातल्या बायांना घेऊन आली. मध्ये खाण्यासाठी अंथरलेला दस्तरखान, त्यावर मनुके, बदाम, आणि रुमालात बांधलेले चार नान. कोबिल आका नव्या टोपीत, वहिनी किटलीपाशी. दिलराबो दारात वाकून उभी. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. पोरीच्या कानांच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या. मस्तुरा खालानं रुमालाची गाठ सोडली, वरचा नान उचलला.

"खाला, मोडायच्या आधी दोन गोष्टी," मुहय्यो म्हणाली.

"आता कसल्या गोष्टी?" कोबिल आका म्हणाला.

"बोलू दे, आका. धूळ आधी दाखवलेली बरी." ती मस्तुरा खालाकडं वळली. "माझी पोर आठला उठते, खाला. हाक मारली तर साडेसातला. पुलावात मीठ दोनदा घालते, कारण एका हातात पुस्तक असतं. उलट बोलते. परवा मलाच बोलली, आणि बरोबर बोलली."

"मुहय्यो!"

"आणि मी. लोक सांगतात मला सासरच्यांनी हाकललं, मी रडत आले. रडत नव्हते. सासूनं गालाला बोट पुसलं आणि मी धुण्याची बादली तिच्या अंगावर ओतली. थंड पाणी होतं, जानेवारी होता. पोर माझ्यावर गेलीय."

ती थांबली. मनात मोजायला लागली. पण ह्या वेळी तिनं पोरीकडं बघितलं नाही, बघितलं मस्तुरा खालाकडं.

मस्तुरा खालाचा चेहरा रागानं तापला नाही. तिनं मुहय्योकडं बघितलं, दारातल्या पोरीकडं बघितलं, मग नान परत रुमालात ठेवला आणि गाठ मारली, सावकाश, दोन गाठी.

"घरी विचारून कळवतो," ती म्हणाली.

चाळीस दारांत ऐकलेलं ते 'नाही' आज पहिल्यांदाच मुहय्योला गोड लागलं.

पाहुण्या गेल्या. कोबिल आका टोपी हातात घेऊन बाहेर पडला, दार उघडंच टाकून. दस्तरखानावर मनुके तसेच. वहिनीनं किटली उचलली, मुहय्योचा प्याला पुढं ओढला आणि ओतायला लागली. अर्ध्यावर थांबली नाही. चहा काठाला टेकला, फुगला, एक थेंब बशीत पडला.

दिलराबो जवळ येऊन बसली. "कुठं जायचं, आई?"

"माहीत नाही गं."

मुहय्योनं प्याला दोन्ही हातांनी उचलला, सांडू न देता. गरम होता. शेवटपर्यंत प्याली, प्याला जागेवर ठेवला, आणि गालिचा गुंडाळायला उठली.