पोरींच्या तासाचे पहारेकरी

आमच्या व्याह्यांइतका संशयी मनुष्य चंद्रपूर जिल्ह्यात झाला नाही, आणि गडचिरोलीत झाला असल्यास तो व्याह्यांच्या धाकाने जंगलात दडून बसला असावा. त्यांच्याविषयी माजरीच्या चौकात जे किस्से रंगतात, त्यांतले निम्मे खोटे आहेत आणि उरलेले सांगणाऱ्यांना नीट सांगता येत नाहीत. म्हणून ही लेखणी मला उचलावी लागली.

उभी हयात त्यांनी कोळसा खाणीच्या लॅम्परूममध्ये काढली. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा आणि पितळी बिल्ला द्यायचा, पाळी सुटली की बिल्ले परत घ्यायचे. एक जरी आला नाही, तरी माणूस खालीच आहे असे समजून शोध सुरू करायचा. निवृत्तीनंतर, इंटरनेट गावात नुकते पोचले असताना, त्यांनी सायबर कॅफे काढला. तो नातीच्या हट्टापायी काढला असे लोक म्हणतात. साफ चूक. नात माझीही आहे. हट्ट तिने माझ्याकडे धरला होता, आणि मी तो यशस्वीपणे मोडून काढला होता.

रविवारी सकाळचा एक तास फक्त दहा-बारा वर्षांच्या मुलींचा. इंटरनेट ही व्याह्यांच्या मते खाणच. म्हणून आधी ते स्वतः 'आत' उतरत, चष्मा कपाळावर चढवून हवा तपासत, आणि मगच मुलींना बिल्ले वाटत. 'टेंभरं' या रानफळाच्या नावाने मुलींनी एक पान उघडले होते. त्यावर त्या चित्रे, गोष्टी, कविता टाकीत, आणि तिकडून सिरोंच्याच्या मुली तेलुगू मिसळलेल्या मराठीत दाद देत. खरे नाव, गाव आणि फोटो यांना सक्त बंदी. प्रत्येकीने पाखराचे नाव घ्यायचे. नवे पाखरू आले की व्याही त्याच्या शाळेतल्या बाईंना फोन करून अशी उलटतपासणी घेत, की एक बिचाऱ्या बाई अखेर स्वतःचे नाव सांगतानाही चाचरल्या. मुलींच्या लिखाणाला मात्र त्यांनी कधी बोट लावले नाही. "आबाजी, कविता बरी हाय का?" असे कोणी विचारले, की म्हणत, "मले काय समजते बाई? हवा बरी हाय, एवढं सांगतो."

आमची नात तेव्हा शाळेत जाणाऱ्या अस्वलाची गोष्ट तुकड्यातुकड्याने लिहीत होती. एका रविवारी ती ओरडली, "आबाजी, हे मैना माझा फोटो मागून राह्यली! घर कुठी हाय तेही इचारते."

व्याह्यांनी शिट्टी फुंकली, मुलींना रस्त्यावर काढले आणि बिल्ले गोळा केले. 'इंटरनेटले आग लागली म्हणून म्हातारा बोंबलला' ही कथा सांगणारा पानवाला त्या दिवशी नागपुरात होता. मी समोर उभा होतो. ते एवढेच म्हणाले, "वायू हाय, बाहेर निघा." या मैनेची 'बाई' फोनवर जराही चाचरली नव्हती. व्याह्यांच्या संशयातून आयुष्यात सुटलेली ती एकमेव व्यक्ती.

संध्याकाळी मुलींचे बाप जमले. एक ठेकेदार गरजला, "बंद करा हे! पोरीयले कायले पाह्यजे कविता?"

नात रडू लागली. "माह्यं अस्वल आताच तं शाळेत बसलं!"

"खाणीत वायू निघाला, तं खाण बुजोत नाई भाऊ," व्याही म्हणाले. "हवा खेळोतात. मैनेले हाकललं. येत्या रविवारपासून पोरीयच्या माया बी बसतीन इथी. तुमी बी बसा, पन तोंड बंद ठेवून."

ठेकेदाराला ही अट झेपण्यासारखी नव्हती. आया मात्र आळीपाळीने आल्या. पान टिकले, आणि अस्वल शिकत राहिले.

पुढे मुली नववी-दहावीत गेल्या. शिकवण्या लागल्या, आवडी बदलल्या, आणि त्यांच्यामागून कोणी आले नाही. म्हाताऱ्याला भ्रम झाला होता म्हणून तो तास चालूच ठेवला, असे आता सांगतात. मी शेवटपर्यंत त्यांच्याशी भांडत होतो. भ्रमिष्टाशी भांडण्यात मला गोडी नाही.

असाच एका रविवारी मी गेलो, बातम्या पाहाव्यात म्हणून. त्यांनी मला दारातच अडवले.

"मशीनी तं साऱ्या रिकाम्या हायत, इवाई," मी म्हणालो.

"रिकाम्या हायत. पन पोरीयच्या हायत."

तास संपेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.