शेषेरावाच्या अंगावरची शाल

कंधारजवळच्या शेषेरावाला दोन गोष्टी येतात, झेंडू आणि कविता. झेंडूपायी गाव त्याला मान देतं आणि कवितेपायी टाळतं. पारावर त्याचा हात कागदासाठी खिशाकडं वळला, की माणसांना एकाएकी म्हशी सोडायची आठवण होते. त्याची बायको राजकन्या तर दुसऱ्या ओळीला झोपते.

म्हणून मृत्युंजयचा फोन आला तेव्हा शेषेराव बांधावर बसलाच. मृत्युंजय म्हणजे बोर्डिंगात त्याच्या एका ताटात जेवलेला दोस्त. आता नांदेडात प्राध्यापक, वर कवी, आणि विष्णुपुरीच्या वाटेवरच्या नव्या कलादालनाचा सगळा कारभार त्याच्याच हाती.

"शेषू, वसंताची मैफल घेऊन राहिलो. फुलांच्या रचना अन् मधोमध कविता. तू यायचंस."

"कविता म्हणायला?"

"मग काय नाचायला? अन् येताना थोडा झेंडू आण."

पाडव्यासाठी राखलेलं अख्खं वावर शेषेरावानं खुडलं. छोटा हत्ती टेम्पो काठोकाठ भरला.

"अहो, थोडा म्हणले होते ना?" राजकन्या म्हणाली.

"अगं, मी म्हणायला उभा राहिलो अन् मागं फुलं विरळ दिसली तर?"

तीही नवं लुगडं नेसून निघाली. सोबत शेजारची तारामतीकाकू. "माइकवर हाय म्हणल्यावर झोपता येतंय व्हय?" काकूंनी समजूत घातली.

दालनात छतापासून माळा सोडल्या होत्या, मधोमध झेंडूची विहीर रचली होती. पाटीवर नाव होतं, 'भूमीचा उच्छ्वास'. राजकन्या म्हणाली, "हा उच्छ्वास आपल्या वावरात रोज असतोय, कुणी बघाया येत न्हाई."

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिलंच नाव पुकारलं शेषेरावाचं! तो खिसा चाचपत मंचावर चढला. मृत्युंजयनं शाल घातली, नारळ दिला, फोटोपुरती मिठी मारली. "आपले पुष्पदाते शेतकरी मित्र!" टाळ्या झाल्या. शेषेराव माइककडं सरकला, तसं मृत्युंजयनं त्याला खांद्याला धरून हळूच पायऱ्यांकडं वळवलं. "झाला ना सत्कार. बस आता निवांत."

आमच्याकडं ज्याला बोलू द्यायचं नसतं त्याचा सत्कार आधी उरकतात, हे शेंबडं पोरही जाणतं. शेषेराव जाणत नव्हता. त्याचा सत्कार याआधी झालाच कुठं होता? 'शेवटाला ठेवलं असंल', म्हणत तो अंगावर शाल, मांडीवर नारळ घेऊन ताठ बसला. कवी उठत गेले, बसत गेले. मृत्युंजयनं डोळे मिटून शेतकऱ्याच्या घामावर कविता म्हटली. मग एकदम आभारच झाले, आणि लोक चहाकडं पांगले.

राजकन्या मात्र शालीचा कोपरा निरखत होती. तिथं हिरव्या दोऱ्याचे टाके होते.

"अहो, ही आपलीच की! मृत्युंजयभावजींचं पुस्तक निघालं तवा तुम्ही नेली होती. उंदरानं कुरतडलेलं मीच शिवलं होतं हे."

सत्काराच्या शाली जिल्हाभर फिरत असतात, त्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. पण ही पांघरताना मृत्युंजय भर सभेत म्हणाला होता, "शेषूची शाल आहे, कुणाला हात लावू देणार नाही." त्या वाक्यावर शेषेराव कित्येक दिवस पारावर मिरवला होता.

चहा न घेताच तिघं टेम्पोत बसली. दालन मागं पडल्यावर राजकन्या म्हणाली, "म्हणा आता. न्हाई झोपत मी."

"हाव, म्हण बाबा," काकू म्हणाल्या. "आता उतरून तरी कुठं जावं?"

शेषेरावानं कागद काढला, घडी उलगडली, आणि परत घातली.

"न्हाई म्हणत."

"का बरं?"

"मृत्युंजयवर हाय. बोर्डिंगातल्या ताटावर."

काकूंचा डोळा लागला. दुसऱ्या ओळीला झोपणारी राजकन्या कंधारपर्यंत जागी होती.