सीट हलवायची नाही

ड्रायव्हर लोक आपल्या गाडीबद्दल कधी खरं बोलत नाहीत आणि दुसऱ्याच्या गाडीबद्दल कधी चांगलं बोलत नाहीत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी ट्रान्सपोर्टच्या यार्डात मिस्त्री आहे. जिच्या पोटाखाली झोपून मी सकाळभर शिव्या घातलेल्या असतात, तीच गाडी दुपारी चहाच्या बाकावर "लोण्यासारखी चालते" असं मला ऐकावं लागतं. पुढे ती दुसऱ्याच्या वाट्याला गेली की त्याच तोंडाने तिचा नांगर होतो. मी चहा पितो आणि गप्प बसतो, कारण मिस्त्रीने खरं बोलायचं ठरवलं तर यार्डात रोज मारामाऱ्या होतील.

त्या बाकावर बसून खरं बोलणारं एकच माणूस होतं, ती माझी सख्खी आत्या. आणि तिनेही एक गोष्ट सगळ्यांपासून लपवली होती.

आत्या उंचीने एवढीशी. यार्डात पाठीमागे तिला लवंगी म्हणतात, लवंगी मिरचीतली लवंगी, आणि तोंडावर ताई. आजोबाही ड्रायव्हरच होते, ताडमाड माणूस. त्यांची उंची माझ्या वडिलांना मिळाली, पुढे मलाही मिळाली, आणि गाडीचं वेड मात्र आत्याकडे गेलं. वडिलांना बस सुटायच्या आधीच मळमळतं. "देवाने माल चुकीच्या पत्त्यावर उतरवला," असं आजोबा म्हणायचे. पण मुलीला शिकवताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. गिअर बदलताना आवाज आला की ते गाडी थांबवून तिला खाली उतरवायचे आणि बॉनेटवर हात ठेवून माफी मागायला लावायचे. आत्या सांगते, पहिल्या महिन्यात गाडी चालवण्यापेक्षा माफी मागण्यातच तिचा जास्त वेळ गेला.

लॉरी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माझ्या आजोबांसारखी माणसं असावीत. आत्या सीटवर बसली की काचेतून तिला आकाश दिसायचं, रस्ता नाही. म्हणून काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लग्नानंतर तिच्यासाठी पहिली वस्तू शिवली ती उशी. काका शिंपी आहेत. आत चिंध्या दाबून भरलेल्या, वर पँटच्या कापडाचं कव्हर. कुणाची पँट बेतताना कापड उरलं की लवंगीच्या उशीला नवं कव्हर मिळे. गिऱ्हाइकाने आपलंच कापड लॉरीत पाहिलं तर काय, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "त्याला काय, त्याच्या पँटचा उपयोग बसायलाच आहे."

उशीत लपवण्यासारखं काही नव्हतं. यार्डातल्या प्रत्येक ड्रायव्हरची स्वतःची उशी असते. गाडी बदलली तरी उशी बदलत नाही, चहाला उतरले तरी काखेत घेऊन येतात. लपवलेली गोष्ट खाली होती, क्लचवर. उशीने आत्या वर यायची आणि पाय आणखीच वर जायचा. म्हणून क्लचच्या पेडलला कडक लाकडाचा एक ठोकळा दोन बोल्टांनी आवळलेला असायचा. तो मीच तासून दिला होता. गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात जायची असली की आत्या मला नुसती भुवई उडवून खुणावायची, आणि मी तेल बघायच्या निमित्ताने आत शिरून ठोकळा काढून आणायचो.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणायची. "पाय पोचत नाही हे एकदा कळलं ना, की उद्या कुणाच्याही हातून काच फुटो, सगळ्यांची बोटं माझ्या पायाकडे."

तिच्या हातून काच काय, आरशावर चरासुद्धा पडला नव्हता. माल चढवायच्या प्लॅटफॉर्मला गाडी मागे लावताना बाकीच्यांना खाली उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडणारा माणूस लागतो. आत्याला लागत नाही. कुणी ओरडलाच तर ती गाडी थांबवते, त्याला चहा घेऊन यायला सांगते आणि तो येईपर्यंत गाडी लावून मोकळी होते.

मग मालकांनी सगळ्या जुन्या गाड्या काढून नव्या घ्यायचं ठरवलं.

मालक तसे शहाणे. चालवणार ड्रायव्हर, तर पसंतीही त्यांचीच, असं म्हणाले. दोन वेगवेगळ्या गाड्या आठवडाभर यार्डात आणून उभ्या केल्या. चालवा, बसा, मागे आडवे व्हा, आणि आठवड्याच्या शेवटी जिला जास्त हात वर होतील तीच आपण घेऊ, सगळ्या एकसारख्या.

दोन्ही गाड्यांची संध्याकाळपर्यंत बारशी झाली. पहिली चकचकीत, मऊ जाड सीट, मागे झोपायला ऐसपैस जागा, गाणी वाजवायला चार स्पीकर. ती नवरदेव. दुसरी चौकोनी, दिसायला अगदीच बापुडवाणी, केबिनमध्ये इंजिनचा आवाज बऱ्यापैकी. ते खोकं. बाकावर चर्चेला ऊत आला. नवरदेवाचं स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, घाटात दम लागत नाही, खड्डा आला तरी कंबरेला कळत नाही. खोक्याचं वळण मात्र आखूड, हे सगळ्यांनी कबूल केलं, जशी आपण मुलगी पाहायला गेल्यावर तिच्या अक्षराची स्तुती करतो तशी.

मी दोन्ही गाड्या आतून बाहेरून तपासल्या. नवरदेवाची सीट जमिनीला ठोकून बसवलेली होती. पाठ मागे कलायची, पण सीट पुढे-मागे, वर-खाली काही नाही. क्लचच्या पेडलला काही बांधलं तर गॅरंटी संपली, असं कंपनीच्या माणसाने बजावलं होतं. उलट खोक्याची सीट दोन खटक्यांवर हवी तशी सरकत होती, स्टिअरिंगसुद्धा खाली येत होतं. म्हणजे नवरदेव आला की आत्या घरी. इतकं सरळ होतं ते.

"मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो. "तुझ्यासाठी हात वर करतील ते."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाना खाली ठेवला.

"माझ्यासाठी? उपकाराची गाडी चालवू मी? दर फेरीला मनात म्हणतील, हिच्यापायी गाणी गेली आपली. नको रे बाबा. त्यापेक्षा मी काकांच्या दुकानात काजं करत बसेन."

तिला काजं करता येत नाहीत. बटण लावायला दिलं तर ती सुई वाकवते. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं आणि रागही येत होता, तिचाच. एवढा मान घेऊन जायचा कुठे माणसाने?

शेवटच्या दिवशी सगळे पटांगणात जमले. मालक खुर्ची टाकून बसले. हात वर करायच्या आधी प्रत्येकाने दोन्ही गाड्यांतून गोदामाला एक फेरी मारायची आणि गाडी मागे घेऊन प्लॅटफॉर्मला लावायची, असं ठरलं होतं. पहिला गेला आमचा शिडी. तो माझ्याहूनही उंच आहे. उतरला तो मान डोलावतच.

"सीट म्हणजे काय सीट आहे! ढगात बसल्यासारखं वाटतं."

त्याच्या मागून नाना निघाले, यार्डातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, कंबरेने अधू. निघताना त्यांनी काखेतली उशी सावरली.

आणि आत्या उठली. "नाना, थांबा जरा. उशी कुठे चाललीत घेऊन?"

"कुठे म्हणजे? पाठीला."

"आणि शिडी, तुझी?"

"मांडीखाली होती. का?"

"मग आठवडाभर ढगात बसलात ते आपापल्या उशांवर! गाडीच्या सीटवर बसलंय कोण इथे?"

इतके अनुभवी लोक, गाडीच्या आरामावर आठवडाभर भांडले आणि एकाचीही पाठ सीटला लागली नव्हती. कंपनीचा माणूस तेवढा बुटांकडे पाहू लागला. मला हसू फुटणार होतं, पण आत्याचा चेहरा पाहून ते जागीच विरलं. कारण पुढचं वाक्य बोलायचं तर आधी काय करावं लागेल, हे तिला कळलं होतं आणि मलाही.

ती आपल्या जुन्या गाडीकडे गेली. तिने उशी आणली आणि मालकांच्या खुर्चीसमोर जमिनीवर ठेवली. मग मला हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ठोकळा काढून आण."

भुवई नाही, खूण नाही, भर पटांगणात हाक. मी गेलो, बोल्ट सोडवले. ठोकळा आणून उशीशेजारी ठेवला. ते काय आहे हे आधी कुणालाच कळलं नाही.

आत्या तशीच नवरदेवात चढली. खालून आम्हाला स्टिअरिंगच्या वर फक्त तिचं कपाळ दिसत होतं. ती सीटच्या टोकावर घसरत आली, तरी क्लच अर्ध्यावरच राहिला. तिने गिअर टाकला आणि खर्रकन् आवाज झाला. तिच्या हातचा तसला आवाज त्या यार्डात कुणी कधी ऐकला नव्हता. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि पुढे येऊन नवरदेवाच्या नाकावर हात ठेवला. ती माफी फक्त मला समजली.

मग ती वळली. "माझा पाय पोचत नाही. आजवर पेडलला ठोकळा बांधून चालवली. मालक, तुमचा एक तरी आरसा फुटलाय माझ्या हातून?"

मालकांनी ठोकळा उचलून पाहिला. तो झिजून मध्ये खोलगट झाला होता. "नाही," ते म्हणाले. "तुमच्या हातून नाही."

"झालं तर. माझं मी सांगितलं. आता उशा ठेवा आणि तुमचं तुम्ही सांगा, पण खरं सांगा. माझ्याकडे बघून कुणी हात वर केला तर त्याचा हात मी मोडेन."

नानांनी आपली उशी आत्याच्या उशीशेजारी ठेवली. शिडीने ठेवली. एकेक करत रांग लागली, उसवलेल्या, तेलकट, एक तर कुणाच्या पोरीच्या बाहुलीची छोटी गादी निघाली. मग सगळे रिकाम्या हाताने नवरदेवात बसून आले. शिडीचे गुडघे वळणावर स्टिअरिंगला धडकले. नाना तर कंबर धरून उतरले आणि म्हणाले, "हा नवरदेव मांडवातच बरा, संसाराला नाही."

खोक्यात मात्र खटके ओढत, सीट सरकवत प्रत्येकाने आपापली जागा शोधली. नाना तर उतरायलाच तयार होईनात. हात वर झाले तेव्हा नवरदेवाला एकच मत पडलं, आणि ते देणारा प्राणी गाणी ऐकायला गाडी चालवतो हे जगजाहीर आहे.

नव्या गाड्या आल्या त्या दिवशी काकाही दुकान बंद करून आले होते. आत्याने खोक्यात चढून सीट पुढे घेतली, वर घेतली आणि क्लच तळापर्यंत दाबला. सोडला, पुन्हा दाबला. इंजिन सुरूच केलं नाही तिने, नुसता पाय टेकवत राहिली. खाली उभे असलेले काका नाक शिंकरून म्हणाले, "मग आता मी काय शिवू?"

"सीटला कव्हर शिवा," आत्या वरून म्हणाली. "आणि त्यावर लिहा."

त्यांनी शिवलं. लाल धाग्याने, ठसठशीत अक्षरांत: सीट हलवायची नाही.

परवा ती गाडी तेलपाण्यासाठी माझ्याकडे आली. प्लॅटफॉर्मपासून शेडपर्यंत मलाच न्यायची होती. मी दार उघडलं, लाल अक्षरं पाहिली आणि तसाच आत शिरलो. गुडघे कानाशी, हनुवटी स्टिअरिंगवर, डोकं टपाला. बाकावरचे सगळे उभे राहून हसायला लागले. नाना ओरडले, "अरे घोड्या, सीट मागे घे की!"

"आत्याची आहे," मी आतून ओरडलो, आणि मान वाकवून गाडी तशीच शेडपर्यंत नेली.