शिळ्या पाण्याची बादली

हेमावती केसांना हात लावण्याआधी त्यांचा वास घेते. कंगव्यात अडकलेले केस टाकून देत नाही. बोटाला गुंडाळून किती वेढे झाले ते बघते. कात्री हातात असली की बोलत नाही, खाली ठेवली की थांबत नाही. आणि "तेल कुठलं लावता?" हे कधीच विचारत नाही.

जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. खुर्ची एकच. त्या खुर्चीत बुद्धप्रिया बसली ती वेणी कापून टाकायला. मराठीत एम.ए. झालेली पोरगी, कमरेखाली जाणारी वेणी. सहा महिन्यांपूर्वी तिच्या घरच्यांनी इकडे घर घेतलं आणि केस गळायला लागले. डोकं खाजायचं, हातापायांवर नखानं पांढरे ओरखडे उठायचे. तीन शाम्पू झाले, कांद्याचा रस झाला.

"हेमाक्का, मानेपर्यंत कापा. रोज थोडे थोडे जाण्यापेक्षा एकदाच जाऊ देत."

हेमावतीनं कंगव्यातले केस बोटाला गुंडाळले. तीन वेढे. तिनं कात्री खाली ठेवली.

"डोस्क्यावर पाणी कुठलं वततीस?"

"बोअरचं."

"अय्यो! जा, दोन बाटल्या घिऊन ये. एकीत बोअरचं, एकीत नळाचं. मग कापते की."

बुद्धप्रिया घेऊन आली. हेमावतीनं साबण किसून दोन्हींत चिमूट चिमूट टाकला.

"हलव."

नळाच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढला. बोअरच्या बाटलीत फेस धरेचना. नासलेल्या दुधासारखी पांढरट साय तेवढी वर आली.

"ही साय बसती तुज्या केसात. शाम्पू बदलून काय हुतंय?"

बुद्धप्रिया बाटल्यांकडे बघतच राहिली. पाणी या विषयावर तिनं एम.ए.ला वीस पानं लिहिली होती. बादलीत मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"पण अक्का, नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. ते आम्ही प्यायला राखतो."

"आन् पाचव्या दिवशी उरलेलं?"

उरलेलं? नवं पाणी आलं की आई, केसरबाई, आधीच्या दोन घागरी शिळ्या म्हणून अंगणात ओतायची. अख्खी गल्ली ओतायची.

"प्यायला शिळं," हेमावती म्हणाली. "केसाला काय कळतंय त्यातलं? त्यानंच डोस्कं धू. शेवटचे दोन तांबे अंगावर घे आन् अंग ओलं हाय तवाच खोबरेल लाव."

घरी केसरबाईंनी कपाळावर हात मारला. "आदी कांदा, आता शिळं पानी. उद्या चिखल फास म्हनंल तुजी अक्का!" पण पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांनी एक बादली बाजूला ठेवली.

न्हाणीघरातून बुद्धप्रिया ओरडली, "आई! फेस! फेस आला!"

"फेसच हाय न्हवं? मला वाटलं, साप निघाला!"

पंधरा दिवसांत खाज थांबली. पाचव्या न्हाण्यानंतर ती कंगवा तसाच घेऊन पार्लरकडे धावली. हेमावतीनं केस बोटाला गुंडाळले. एक वेढाही पुरा झाला नाही.

"अक्का! बघितलंत?"

"बगितलं की. वरडू नको. बस, वेणी घालते."

या खुर्चीत आजवर कुणाची वेणी घातली गेली नव्हती. हेमावतीची बोटं भराभर चालली. वेणी मानेखाली उतरली आणि गल्लीतून हाक आली, "पाणी आलं! पाणी आलं!"

हेमावतीनं तिन्ही पेड बुद्धप्रियाच्या हातात कोंबले. "धर. ड्रम धुवायचा ऱ्हायलाय माझा!" आणि दारातून वळून म्हणाली, "पळ अगं, तुजी आई वतंल!"

बुद्धप्रिया पळाली. केसरबाईंच्या हाताला तीस वर्षांची सवय होती. कोपऱ्यावरूनच ती ओरडत सुटली, "आई, थांब! ओतू नकोस!" घागर अंगणाकडे कलली होती. तिनं दोन्ही हातांनी धरली.

दोन्ही हातांनी म्हटल्यावर पेड सुटले. हेमावतीनं घातलेली वेणी तिथवरच राहिली.